घर हलवताना : काय न्यावे, काय द्यावे, काय टाकावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला शिक्षणावर, आरक्षणावर, चळवळीच्या फाटाफुटीवर भाषणे होतात. ती व्हायलाच पाहिजेत. मी मात्र आज घर हलवण्यावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय भाषणाचा विषय झाला? टेम्पो आणायचा, सामान भरायचं आणि निघायचं. पण मी गिरणीतला माणूस. साच्यावर उभं राहून शिकलो. मोठी गोष्ट मला लहान कामातूनच कळत आली आहे. आणि हे घर हलवण्याचं काम सध्या आपल्या समाजात घराघरांत चाललं आहे, म्हणून त्यावर चार गोष्टी एकत्र बसून बोलाव्यात असे वाटते.

बघा, आपली घरे आज तीन ठिकाणी हलत आहेत. पहिली मुंबईत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बी.डी.डी. चाळी आपल्याला काही सांगायला नकोत. १९२०च्या दशकात बांधलेल्या, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांच्या आणि आपल्या लोकांच्या तीन-चार पिढ्या त्या खोल्यांत वाढल्या. या तीन ठिकाणची मिळून साडेपंधरा हजारांवर कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या नव्या घरात जायची आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाव्या मिळाल्या. घर हलवणे म्हणजे काय याचे एवढे मोठे उदाहरण आपल्या नात्यागोत्यात दुसरे नाही.

दुसरी घरे मुंबईहून या कसारा लायनीवर येताहेत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि कामगार कल्याण, टिटवाळा, वासिंद, आसनगाव असा सरकत सरकत आटगावपर्यंत आला. ज्याला जिथे परवडलं तिथे तो उतरला. तो ओघ अजून थांबलेला नाही.

तिसरी घरे इथलीच. गावातली जुनी, कारवीच्या कुडाची, कौलारू घरे मोडून कुणी रमाई आवास योजनेतून, कुणी स्वतःच्या कमाईतून पक्के घर बांधतो आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. गळक्या घरात पावसाळा काढलेल्या माणसाला पक्क्या छपराचं मोल दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

पण घर हललं की मागे काय उरतं, हे कधी नीट बघितलं आहे का? कुठल्याही नव्या इमारतीच्या मागे, नाहीतर रस्त्याकडेच्या ओढ्यात जाऊन बघा. फाटकी गादी, फुटलेल्या ट्यूबलाईट, थर्माकोलचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, मोडकं कपाट, औषधाच्या बाटल्या, रद्दी, कधी कधी तर देव्हाऱ्यासकट देव. हे सगळं एका रात्रीत तिथे येतं आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहतं. थर्माकोल कुजत नाही. त्याचे दाणे होतात, आणि ते पाण्याबरोबर शेतात जातात.

आता यात आटगावचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे. आपला शहापूर तालुका हा धरणांचा तालुका. तानसा तलाव इथून जवळच आहे. १८९२ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. पुढे वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं. मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास भाग एकट्या भातसातून जातो. म्हणजे चाळीतल्या सामाईक नळावर आपण आणि आपल्या आईबापांनी जे पाणी भरलं, ते इथलंच होतं. आता आपण त्या पाण्याच्या उगमाशी राहायला आलो आहोत. खाली राहत होतो तेव्हा वरच्यांनी पाणी स्वच्छ ठेवावं अशी आपली अपेक्षा होती ना? मग आता वर राहायला आल्यावर आपली जबाबदारी काय? आणि ज्या तालुक्याने मुंबईची तहान भागवली, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. त्यांच्या ओढ्यात, विहिरीच्या वाटेवर आपण आपली जुनी गादी टाकायची का?

दुसरा मुद्दा माणसाचा आहे. टाकलेलं सामान आपोआप नाहीसं होत नाही. कुणीतरी ते उचलतं. मुंबईत झाडूखात्यात, कचऱ्याच्या गाडीवर कोण आहे? देवनारच्या डंपिंगवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथे कचरा वेचणाऱ्या बायका-पोरं कोण आहेत? बहुतेक आपलेच, नाहीतर आपल्यासारखेच. फुटलेल्या ट्यूबची काच कुणाच्या तळव्यात जाते? वायरीतलं तांबं काढायला वायर जाळतात, तो धूर कुणाच्या छातीत जातो? त्या प्लॅस्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखं विष असतं. ते अंगात साठतं आणि लवकर बाहेर पडत नाही. जातीने जे काम आपल्या माथी मारलं, त्यातून आपण बाहेर पडलो. आता आपलीच घाण दुसऱ्याच्या माथी मारायची असेल, तर आपण बदललो काय आणि न बदललो काय.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. ती बोलल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही.

पर्यावरणवाले सांगतात, जुनं वापरा, दुसऱ्याचं वापरा, नवं कमी घ्या. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्याला कारण आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम घातला आहे : त्यांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने लोखंडाचे घालावेत. म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं तेवढंच आपलं. गावकीच्या काळात आपल्या आजी-पणजींनी उतरलेली लुगडी नेसली, शिळे तुकडे खाल्ले. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, उष्टे-शिळे तुकडे घेऊ नका, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितलं, ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते ते टाकून द्या. आपल्या बायकांनी ते एका रात्रीत ऐकलं.

त्यामुळे नव्या घरात जाताना आपला माणूस म्हणतो, जुनं काहीच नको, सगळं नवं घेणार. त्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान आहे. मी त्याला हसणार नाही, कुणी हसू नये. शहरातला सुखवस्तू माणूस जुनी खुर्ची घेतो तेव्हा ती हौस असते. आपल्या आजोबांना ती सक्ती होती. हा फरक समजून न घेता आपल्या वस्तीत पर्यावरणाचं भाषण करणं हे अन्यायाचं होईल.

तसंच आपल्या शेजारच्या कातकरी बांधवांचं. शहापूर-मुरबाडचे कातकरी दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. अख्खं घर बोचक्यात मावतं. वर्षातून दोनदा ते घर हलवतात, आणि मागे फारसा कचरा ठेवत नाहीत. पण त्याचं कौतुक करून चालणार नाही, कारण ते दारिद्र्य आहे. सामान नसणं आणि सामान जपून वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आपला मार्ग कोणता? तो मला आपल्या धम्मातच सापडतो. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर भन्ते आनंद कोसंबीला गेले होते. उदेन राजाच्या राण्यांनी त्यांचा उपदेश ऐकून त्यांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला शंका आली, हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचं करणार काय? दुकान मांडणार आहे की काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. राजा म्हणाला, मग त्या जीर्ण चीवरांचं काय? त्यांची पांघरायची आच्छादनं करू. जुन्या आच्छादनांचं काय? गादीचे अभ्रे करू. जुन्या अभ्र्यांचं काय? जमिनीवर अंथरू. जुन्या अंथरुणांचं काय? पायपुसणी करू. जुन्या पायपुसण्यांचं काय? झटकणी करू. आणि जुन्या झटकण्यांचं? ती फाडून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट लाचारीची नाही. इथे कुणी कुणाचं उतरलेलं निमूटपणे अंगावर घेत नाही. संघ स्वतः ठरवतो की कुठली वस्तू कुठवर वापरायची. भिक्खू टाकलेल्या चिंध्यांची चीवरं करीत, त्याला पांसुकूल म्हणतात. आणि ती चीवरं शिवायची कशी? मगधातल्या भातखाचरांकडे बोट दाखवून भगवंतांनी आनंदांना विचारलं, अशा बांधाबांधांचं चीवर करता येईल का? आनंदांनी तसं चीवर शिवलं. आपण भाताच्या मुलखातले लोक, ही खाचरं आपण रोज बघतो. टाकलेल्या चिंधीला शिवून, रंगवून, नीट आकार देऊन संघाने तिला मान दिला. मनूच्या आज्ञेने प्रेतावरचं वस्त्र नेसणं आणि आपल्या विचाराने चिंधीचं चीवर करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात गुलामी आहे, दुसऱ्यात शहाणपण आहे.

म्हणून मी असा नियम सांगतो : आपलं जुनं आपण आपल्या मर्जीने पुरेपूर वापरायचं. दुसऱ्याला द्यायचं ते आपण स्वतः वापरू शकू असंच द्यायचं. आणि जे कुणालाच वापरता येणार नाही, त्याची विल्हेवाट आपणच नीट लावायची. या तीन गोष्टी पाळल्या तर पर्यावरणही राखलं जातं आणि माणसाचा मानही.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू.

घर हलवायचं ठरलं की निदान एक महिना आधी सुरुवात करा. सामान टाकलं जातं ते घाईमुळे. टेम्पो खाली उभा असतो, हॉर्न वाजतो, आणि मग जे हाताला येईल ते एक तर गाडीत जातं नाहीतर ओढ्यात. महिनाभर आधी रोज एक कोपरा काढला तर विचार करायला वेळ मिळतो.

सगळ्यात आधी कागद. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक कागद उलटून बघा. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी भाडेपावती, जुनं रेशनकार्ड हे रद्दीत घालू नका. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो पुरावा म्हणजे अनेकदा ट्रंकेच्या तळाशी पडलेला तो पिवळा कागदच असतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, रजेचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ई.एस.आय.चं कार्ड असे पुरावे लागले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना खेटे घालावे लागले. हे कागद एका डब्यात घालून स्वतःच्या हातात न्या, टेम्पोत देऊ नका.

मग पुस्तकं. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले, तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या जहाजाने येत होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवलं आणि पुस्तकं गेली. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीतून ते दादरला राहायला गेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं ते राजगृह मुळात पुस्तकांसाठी बांधलेलं घर. घर हलवताना बाबासाहेबांनी कशाला पहिला मान दिला ते यावरून समजून घ्या. तेव्हा पुस्तकं सुतळीने लहान लहान गठ्ठ्यांत बांधा. एका माणसाला सहज उचलेल, दहा-बारा किलोच्या वर जाणार नाही एवढाच गठ्ठा करा. मोठा गठ्ठा फाटतो आणि पाठही मोडतो. जी पुस्तकं नको असतील ती किलोने विकण्याआधी विहारात आणून दाखवा.

मग कपडे. माता-भगिनींना इथे मी काय सांगणार? जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं बसकर, बसकराचं पायपुसणं हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहात. आनंदांची गोष्ट तुमच्या हातात आधीच आहे. बोहारीण आली की चार साड्यांवर पातेलं घेता, ते कपडे पुढे विकले जातात, वापरले जातात. गिरणीतसुद्धा हीच रीत होती. ब्लो-रूममध्ये, कार्डिंग खात्यात खाली पडणारा कापूस झाडून फेकत नसत. तो ‘वेस्ट’ म्हणून वेगळा बांधला जाई. त्यातला काही जाड सुताला, काही गादीला, काही मशीन पुसायला जाई. मालक हे पर्यावरणासाठी करत नव्हता, पैशासाठी करत होता. पण कापूस काही वाया जात नव्हता.

देताना एक पथ्य पाळा. फाटके, मळके कपडे बोचक्यात बांधून आदिवासी पाड्यावर नेऊन ओतू नका. तसं केलं तर आपल्या आजीला ज्याने उतरलेलं लुगडं लांबून फेकलं, त्याच्यात आणि आपल्यात फरक राहिला नाही. धुवून, टाके घालून, घडी करून, आधी विचारून द्या. घेणाऱ्याला नको म्हणायची मुभा असली पाहिजे.

आता धोक्याच्या वस्तू. ट्यूबलाईट आणि जुन्या सी.एफ.एल. दिव्यांत पारा असतो. थोडाच असतो, पण फुटला की हवेत आणि मातीत जातो. त्या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवा, फोडू नका. जुने मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या, टी.व्ही. यांना ई-कचरा म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हा कचरा योग्य तऱ्हेने निकालात काढण्याची जबाबदारी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणून नवा फ्रिज, नवा टी.व्ही. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, जुना परत नेता का? फार जुन्या फ्रिजमध्ये ओझोनच्या थराला मारक असा वायू असतो. भंगारवाल्याने अंगणात नळी कापली की तो सरळ वर जातो. मुदत संपलेली औषधं ओढ्यात ओतू नका. आणि काहीही झालं तरी प्लॅस्टिकची, वायरींची होळी पेटवू नका.

बांधाबांध कशी करायची? आजकाल मोठ्या कंपन्या पुठ्ठ्याची नवी खोकी आणि फुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळून सामान नेतात, आणि ते प्लॅस्टिक दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. आपल्याला त्याची गरज नाही. घरातल्या गोधड्या, चादरी, टॉवेल हेच गुंडाळायला घ्या, ते तसेही न्यायचेच असतात. बशा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा आणि मध्ये फडकं घाला. उभ्या बशा धक्का सोसतात. धान्याचे डबे रिकामे नेऊ नका, त्यांत वाट्या, चमचे, किरकोळ वस्तू भरा. बाजारात भाजीचे क्रेट मिळतात, ते भांड्यांना उत्तम. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी दोन उशांच्या मध्ये उभ्या बांधा.

गाडीचं गणित बघा. वरळीहून आटगाव साधारण नव्वद किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे ऐंशी. टेम्पो लिटरला दहा किलोमीटर जातो असं धरलं तर एका खेपेला अठरा लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे एका खेपेला पन्नास किलोच्या जवळपास. नीट आखणी नसली की तीन खेपा होतात आणि तिप्पट धूर, तिप्पट पैसा. पण आपण मुंबई-आग्रा रस्त्यावर राहतो हे विसरू नका. नाशिककडून भाजी, टोमॅटो, कांदा घेऊन गाड्या मुंबईला जातात आणि त्यांतल्या कितीतरी रिकाम्या परततात. ती गाडी आपल्या दारावरूनच जाणार असते, सामान असो वा नसो. अशी रिटर्न गाडी मिळाली तर भाडं कमी आणि डिझेल जवळपास फुकटचं वाचतं. नाहीतर एकाच चाळीतली दोन कुटुंबं एकाच बाजूला येणार असतील तर त्यांनी मिळून एक मोठी गाडी करावी. सामानावर मात्र माणसं बसवू नका, पोरांना तर मुळीच नाही. माणसांना लोकल आहे.

महिना कोणता निवडायचा? शाळेचं वर्ष आड येत नसेल तर दिवाळीनंतरचे तीन महिने सगळ्यात बरे. आपल्याकडच्या पावसात गाद्या, पुस्तकं, लाकूड भिजलं की शेवटी ते टाकूनच द्यावं लागतं. आणि मे महिन्यात इथे पाण्याचे हाल असतात. नवं घर धुवायचं, जुनी भांडी-अंथरुणं धुवायची, त्याला पाणी लागतं. ते टंचाईत कुणाच्या हंड्यातून काढायचं?

आता गावातलं जुनं घर मोडणाऱ्यांसाठी. कुडाची भिंत म्हणजे कारवी, माती आणि शेण. ती पुन्हा मातीत जाते, तिची चिंता नाही. साग-ऐनाचे खांब, वासे, दारं, चौकटी कुऱ्हाड घालून सरपण करू नका. मुंबईत जुन्या इमारती पाडल्या की त्यांचं सागाचं लाकूड चांगल्या भावाने विकलं जातं. तुमच्या आजोबांच्या दाराची फळी तुमच्या मुलाच्या अभ्यासाचं टेबल होऊ शकते. चांगली कौलं रचून ठेवा, गोठ्याला, पडवीला लागतात, नाहीतर शेजाऱ्याला विचारा. विटांचे तुकडे, डबर नव्या घराच्या जोत्याच्या भरावात घाला. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांपासून सावध राहा. त्यांत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा फोडला, कापला की त्याची बारीक तूस हवेत उडते, श्वासातून फुप्फुसात बसते, आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. गिरणीत कापसाच्या धुळीने माणसं खोकून खोकून संपलेली मी बघितली आहेत, म्हणून धुळीला हलकं समजू नका. पत्रे आधी पाण्याने भिजवा, खिळे सोडवून अख्खे उतरवा, तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. तुकडे अंगणात पसरू नका आणि रस्त्याच्या भरावात तर मुळीच घालू नका.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असणार. कारखाने धूर सोडतात, डोंगर फोडून रस्ते होतात, आणि हा माणूस आपल्याला गोधडी आणि कौलं सांगतो आहे. प्रश्न बरोबर आहे. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी मोर्चा काढावा लागेल, निवेदन द्यावं लागेल, त्यात मी पुढे राहीन. पण ज्याच्या स्वतःच्या दारामागच्या ओढ्यात थर्माकोल पडलेलं आहे त्याने कलेक्टरच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या गटारा-नाल्यांतून निघाल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्या काही एकाच कारखान्याने टाकल्या नव्हत्या. पाणी शिरलं ते मात्र सगळ्यांत आधी खालच्या मजल्यावरच्या आणि झोपडपट्टीतल्या घरांत.

शेवटी विहारासाठी एक सूचना मांडतो. घर रोज कुणी हलवत नाही, म्हणून प्रत्येकाने दोर, क्रेट, गोणपाट विकत घेण्याची गरज नाही. विहाराने वीस क्रेट, चार मजबूत दोर, दहा गोणपाट आणि एक हातगाडी एवढं सामाईक साहित्य ठेवावं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झाल्यावर पुसून परत आणावं. एक वही ठेवावी. तिच्यात एका बाजूला ‘देणे आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हवे आहे’ असं लिहावं. कुणाकडे खाट जास्त आहे, कुणाला खाट हवी आहे, हे कळलं तर ती खाट ओढ्यात जाणार नाही, आणि कुणाला हात पसरावा लागणार नाही. वहीत नाव लिहिणारा देणाराही असतो आणि घेणाराही, आज एक तर उद्या दुसरा. ई-कचऱ्यासाठी एक पेटी ठेवावी आणि ती भरली की अधिकृत ठिकाणी पोहोचवायची जबाबदारी दोन तरुणांनी घ्यावी. आणि कुणी नवं कुटुंब आटगावात राहायला आलं तर पहिल्या दिवशी विहाराच्या चार पोरांनी सामान उतरवायला जावं. हमालीचे पैसेही वाचतील, आणि त्या कुटुंबाला कळेल की आपण परक्या गावात आलेलो नाही. कचरा कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हेही त्यांना त्याच वेळी प्रेमाने सांगता येईल.

मंडळाने पुढच्या बैठकीत या सूचनेवर चर्चा करावी. पहिले दोन दोर मी देतो, वहीसुद्धा मी आणतो. हातगाडीसाठी वर्गणी काढावी लागेल, तिच्यासाठी दारोदार फिरायला माझी तयारी आहे.

 

नमो बुद्धाय! जय भीम!